उन्हाळी सुट्टीतलं संशोधन: आठ-दहा आठवड्यांत काय बसतं, काय बसत नाही

मेडिकल आणि फिजिओथेरपीच्या विद्यार्थ्यांसाठीचं उन्हाळी संशोधन प्रशिक्षण बहुतेक वेळा आठ ते दहा आठवड्यांचं असतं. कागदावर हा वेळ ऐसपैस दिसतो. प्रत्यक्षात पहिला आठवडा ओळखपत्र, लॉगिन आणि विभागातल्या लोकांची वेळ मिळवण्यात जातो. शेवटचे दोन आठवडे विश्लेषण, अ‍ॅबस्ट्रॅक्ट आणि पोस्टर खाऊन टाकतात. मधले सहा आठवडे धरले तर कामाचे दिवस तीस. रोज तुमच्या निकषांत बसणारे दोन रुग्ण ओपीडीत आले आणि त्यातल्या निम्म्यांनी होकार दिला, तर सुट्टी संपताना हातात तीस सहभागी असतील. विषय ठरवण्याआधी हे गणित मांडा. ज्यांचं काम अर्धवट राहतं त्यांना आळस क्वचितच नडतो. त्यांचा प्रश्नच सुट्टीपेक्षा मोठा असतो.

कोणतं काम घ्यावं

सगळ्यात सुरक्षित वाट म्हणजे आधीच मंजुरी मिळालेल्या, चालू असलेल्या अभ्यासात शिरणं आणि त्यातला एक लहान उपप्रश्न स्वतःच्या नावावर घेणं. एथिक्स कमिटीकडे, म्हणजे संशोधनाला नैतिक मंजुरी देणाऱ्या समितीकडे, फक्त दुरुस्ती अर्ज जातो: तुमचं नाव संशोधकांच्या यादीत घालायचं आणि उपप्रश्न प्रोटोकॉलमध्ये (अभ्यासाच्या लेखी आराखड्यात) बसतो की नाही ते दाखवायचं. नव्या प्रोटोकॉलला मात्र अर्ज, शंका, उत्तरं आणि पुढची बैठक असं करत सहज दोन-तीन महिने लागतात. मंजुरी मागच्या तारखेने मिळत नाही. आधी गोळा केलेला डेटा, तो कितीही चांगला असला तरी, वापरता येत नाही.

दुसरी वाट जुन्या केसपेपरच्या अभ्यासाची. मेडिकलच्या विद्यार्थ्यांना ती जवळची. रुग्ण यायची वाट पाहावी लागत नाही, म्हणून वेळेत बसते. मात्र केसपेपर पाहण्यासाठीही एथिक्स कमिटीला विचारावं लागतं. ‘फक्त फाइल बघतोय’ हे कारण चालत नाही.

तिसरी वाट मोजमापाची विश्वासार्हता तपासण्याची: एकच गोष्ट दोघांनी मोजली तर उत्तर किती जुळतं. फिजिओथेरपीच्या विद्यार्थ्याला यापेक्षा चांगला पहिला प्रकल्प आम्हाला सुचत नाही. साधनं विभागात असतात, फॉलो-अप नसतो आणि मोजणारा हात कायमचा सुधारतो.

टाळायचं काय? एखाद्या उपचाराचा परिणाम तपासणारी रँडमाइज्ड ट्रायल, म्हणजे कोणाला कोणता उपचार हे चिठ्ठीसारखं ठरवून केलेली चाचणी. पहिला सहभागी घेण्यापूर्वी ट्रायलची सार्वजनिक नोंदणी व्हावी लागते. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने ही अट २००५ पासून लावली आहे. वर फॉलो-अप सुट्टीच्या पलीकडे जातो. सिस्टिमॅटिक रिव्ह्यूचा, म्हणजे एका प्रश्नावरचे सगळे लेख पद्धतशीर शोधून त्यांचा निष्कर्ष काढण्याचा, मोहही आवरा. ‘नुसतं वाचायचं तर आहे’ असं वाटतं, पण प्रत्येक लेख दोघांनी स्वतंत्रपणे चाळायचा असतो आणि वर्षभर सहज जातं. त्याचा एखादा टप्पा, म्हणजे शोधसूत्र तयार करणं किंवा शीर्षकं आणि सारांश चाळणं, सुट्टीत होतं.

गाइडला विचारताना

सुट्टी लागायच्या निदान तीन-चार महिने आधी ईमेल गेला पाहिजे. ‘मला संशोधनाची आवड आहे, संधी द्यावी’ एवढाच मजकूर असलेले ईमेल उत्तराविना पडून राहतात, कारण त्याला उत्तर काय द्यायचं हेच समोरच्याला कळत नाही. असं लिहून पाहा:

‘आदरणीय मॅडम, मी फिजिओथेरपीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर सांधा किती वाकतो यावरचा आपला लेख वाचला. त्यात कोन एकाच परीक्षकाने मोजले आहेत. दोन परीक्षकांमध्ये किती फरक येतो हे सुट्टीच्या नऊ आठवड्यांत तपासता येईल का? आठवड्याचे पाच दिवस पूर्ण वेळ देऊ शकतो. पंधरा मिनिटं भेटता येईल का?’

भेट मिळाली की चार गोष्टी विचारून घ्या. मंजुरी झालेली आहे का? दर आठवड्याला मला कोण भेटणार, स्वतः मॅडम की कोणी सीनियर? मागच्या विद्यार्थ्याचं काम कुठपर्यंत गेलं? आणि लेख झाला तर लेखकांत कोण असेल? शेवटचा प्रश्न विचारायला जीभ अडखळते, पण तो पहिल्याच आठवड्यात विचारलेला बरा. संपादकांच्या त्याच समितीचे चार निकष आहेत: कल्पना, आराखडा, डेटा किंवा विश्लेषण यांत भरीव वाटा, मसुदा लिहिणं किंवा त्यात महत्त्वाच्या दुरुस्त्या करणं, छापायच्या रूपाला संमती, आणि संपूर्ण कामाची जबाबदारी घेणं. चारही पूर्ण झाले तरच लेखक. नुसते आकडे भरून देणाऱ्याचं नाव आभारात जातं. म्हणून मसुद्यात आपला हात राहील याची तजवीज सुरुवातीलाच करा.

प्रश्न छाटणे

‘गुडघेदुखीत व्यायामाचा परिणाम’ हा विषय झाला, प्रश्न नव्हे. तो छाटत न्यायचा. कोणते रुग्ण? गुडघ्याच्या सांध्याची झीज झालेले, ५० ते ७५ वयाचे. काय मोजायचं? गुडघा स्वतःहून वाकवण्याचा कोन. कशाने? साध्या गोनिओमीटरने, म्हणजे दोन पट्ट्यांच्या कोनमापकाने. कशाशी तुलना? दुसऱ्या परीक्षकाच्या मोजणीशी. आता झाला प्रश्न: ‘या रुग्णांत दोन परीक्षकांनी मोजलेल्या कोनांत किती अंशांचा फरक पडतो?’ शेवटी उत्तर अंशांत येणार हे वाक्यातच दिसतं. उत्तराचं एकक सांगता येत नसेल तर प्रश्न अजून छाटायचा बाकी आहे.

मग नमुना संख्या. एखाद्या गोष्टीचं प्रमाण काढायचं असेल, अंदाज ५० टक्के असेल आणि १० टक्के इकडेतिकडे चालणार असेल, तर ९७ जण लागतात. चूक ५ टक्क्यांच्या आत हवी असेल तर ३८५. दोन गटांच्या सरासरीतला फरक पकडायचा असेल आणि तो स्टँडर्ड डेव्हिएशनच्या (आकडे सरासरीपासून किती पसरले आहेत त्याचं माप) निम्मा असेल, तर ८० टक्के पॉवरसाठी (असलेला फरक सापडण्याची शक्यता) प्रत्येक गटात सुमारे ६४ जण. पाचात एक गळणार धरलं तर ८०. वरच्या तीस दिवसांच्या गणिताशी हे आकडे ताडून पाहा, म्हणजे तुलनात्मक अभ्यास सुट्टीत का बसत नाहीत ते लगेच कळेल. विश्वासार्हतेच्या अभ्यासाला ढोबळमानाने तीसेक सहभागी चालतात, पण ते एकसारखे नकोत. कोणाचा गुडघा ८० अंशांवर अडतो, कोणाचा १३० पर्यंत जातो, अशी विविधता हवी. सगळ्यांचे कोन जवळजवळ असतील तर मोजणी उत्तम असूनही विश्वासार्हतेचा आकडा पडतो.

संमती

वैद्यकीय संशोधनातल्या नीतिनियमांचा जागतिक मसुदा म्हणजे १९६४चं हेलसिंकी घोषणापत्र. त्याच्या २०२४च्या आवृत्तीत ज्यांच्यावर संशोधन होतं त्यांना ‘सहभागी’ म्हटलं आहे. तुमच्या फॉर्मवरही तोच शब्द असू द्या.

रुग्णाला त्याच्यावर उपचार करणाऱ्यानेच संमती विचारली तर नकार देणं त्याला जड जातं. शक्य तिथे दुसऱ्या कोणी विचारावं. तीच गोष्ट वर्गमित्रांची. ‘सगळी बॅच येईल, मी सांगतो’ असं गाइडने म्हटलं की ती संमती राहत नाही, कारण गुण देणाराच विचारतो आहे. कागद रुग्णाच्या भाषेत, तांत्रिक शब्द काढून लिहिलेला असावा. सही झाल्यावर एक प्रत त्याच्या हातात द्यायची. समजलं का, असं विचारलं की सगळेच मान डोलावतात. त्यापेक्षा ‘आता मी काय करणार आहे, तुमच्या शब्दांत सांगा’ असं म्हणा. पाच वाक्यांत कळतं कोणाला काय समजलं आहे.

मोजणी: इथेच घोडं पेंड खातं

गुडघ्याचंच उदाहरण पुढे नेऊ. सहभागी उताणा झोपलेला. गोनिओमीटरचा मध्यबिंदू मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाला, बाहेरच्या बाजूच्या उंचवट्यावर, म्हणजे लॅटरल एपिकॉंडाइलवर. स्थिर पट्टी ग्रेटर ट्रोकॅंटरच्या (मांडीच्या हाडाचा खुब्याजवळचा उंचवटा) दिशेने, हलती पट्टी लॅटरल मॅलिओलसच्या (बाहेरचा घोटा) दिशेने. टाच पृष्ठभागावरून घसरवत सहभागी गुडघा वाकवतो आणि वाचन शेवटच्या टोकाला घेतलं जातं. पुस्तकात एवढंच असतं. पुढचं पुस्तकात नसतं.

मांडी बाहेरच्या बाजूला पडली की पट्टी आणि हाड एका पातळीत राहत नाहीत आणि कोन चुकतो. डोळा वरून तिरका असला तर वाचन दोन-तीन अंशांनी सरकतं. गुडघ्याच्या पातळीला खाली बसा. पहिल्या परीक्षकाने पेनने केलेल्या खुणा राहिल्या तर दुसरा त्याच खुणांवर पट्टी ठेवतो आणि विश्वासार्हता खोटीच वाढते, म्हणून प्रत्येक मोजणीनंतर खुणा स्पिरिटने पुसायच्या. वारंवार वाकवल्याने गुडघा मोकळा होतो आणि दुसऱ्याचं वाचन आपोआप जास्त येतं. त्यावर उपाय दोन: मोजणीपूर्वी सगळ्यांना ठरावीक तीन वेळा गुडघा वाकवायला सांगणं, आणि कोणता परीक्षक आधी हे दर सहभागीला चिठ्ठी काढून ठरवणं.

सगळ्यात मोठी चोरी आपला मेंदू करतो. आधीचा आकडा ११२ होता हे माहीत असलं की नजर ११२च शोधते. गोनिओमीटरची आपल्याकडची बाजू कागदाने झाका. परीक्षकाने पट्ट्या लावायच्या, पलीकडून तिसऱ्याने आकडा वाचून लिहायचा आणि तोंडाने उच्चारायचा नाही.

दुसऱ्या चाचण्यांनाही असेच खाचखळगे आहेत. सहा मिनिटांच्या चालण्याच्या चाचणीला ३० मीटरची सरळ मार्गिका लागते. ती नसली म्हणून १० मीटरवर भागवलं की वळणं तिप्पट होतात आणि अंतर कमी भरतं. दर मिनिटाला बोलायची वाक्यं ठरलेली असतात. उत्साहाच्या भरात जास्त चिअर केलंत तर माणूस जास्त चालतो. दुसऱ्यांदा अंतर बहुधा वाढतं, कारण चाचणी कळलेली असते. म्हणून मध्ये निदान अर्धा तास विश्रांती देऊन दोनदा घ्यायची आणि मोठं अंतर धरायचं. गेल्या महिन्याभरात हार्ट अटॅक आलेल्या किंवा अस्थिर अंजायना (हृदयाला रक्त कमी पडून छातीत दुखणं) असलेल्या व्यक्तीची ही चाचणी घेत नाहीत. पकडीची ताकद मोजताना खांदा अंगालगत, कोपर ९० अंशांत, मनगट सरळ आणि तीन प्रयत्नांची सरासरी. कोपर सरळ झालं की आकड्यांची तुलना संपली.

केसपेपरवाल्यांनी हे आपल्यासाठी नाही असं समजू नये. त्यांचं गोनिओमीटर म्हणजे नोंद काढण्याचा फॉर्म. प्रत्येक रकान्याची व्याख्या आधी लिहा: ‘धूम्रपान’ म्हणजे आज, की कधीकाळी? फाइलमध्ये धूम्रपानाचा उल्लेखच नसेल तर ती ‘नोंद नाही’. ती ‘नाही’ मध्ये टाकली की निष्कर्ष उलटू शकतो. पहिल्या वीस फाइली दोघांनी वेगवेगळ्या भराव्यात, कुठे जुळत नाही ते पाहून व्याख्या सुधाराव्यात आणि त्या वीसही पुन्हा भराव्यात. सोयीने हाताला येतील त्या फाइली घेऊ नका. ठरलेल्या तारखांमधल्या सलग सगळ्या घ्या. जाड फाइली बहुधा गुंतागुंतीच्या रुग्णांच्या असतात आणि हरवलेल्यांमागेही काही कारण असतं.

खरं काम सुरू करण्याआधी पाच जणांवर रंगीत तालीम करा, घड्याळ लावून. एका सहभागीला वीस मिनिटं लागतील असं वाटतं, संमतीसकट पंचेचाळीस लागतात. हे दुसऱ्या आठवड्यात कळलं तर वेळापत्रक बदलता येतं, सहाव्यात कळलं तर नुसतं हळहळायचं.

एक्सेलमधले सापळे

स्नायूंच्या ताकदीची श्रेणी तुम्ही ४/५ अशी टाइप करता आणि एक्सेल ती चार मे किंवा पाच एप्रिल करून टाकतं. नंतर फॉरमॅट बदललं तरी मूळ आकडा परत येत नाही. चाळीस हजारांच्या घरातला कुठलासा अंक दिसतो. या सवयीपायी २०२० मध्ये काही मानवी जनुकांची चिन्हं अधिकृतपणे बदलावी लागली, कारण त्यातली काही मार्च आणि सप्टेंबरच्या तारखा होऊन बसत. तेव्हा रकान्यात फक्त ४ लिहा.

एका सहभागीची एक ओळ, एका गोष्टीचा एक रकाना. ‘१२०/८०’ एका खान्यात नको. वरचा आणि खालचा रक्तदाब वेगळे. तारीख सगळीकडे वर्ष-महिना-दिवस. माहिती नसेल तर खाना रिकामा ठेवा किंवा ठरवलेला संकेत टाका. शून्य कधीच नाही, कारण शून्य अंश हेही एक मोजमाप आहे. पिवळा रंग म्हणजे ‘शंका’ असं ठरवू नका. रंग विश्लेषणाच्या सॉफ्टवेअरला दिसत नाही. शंकेचा वेगळा रकाना करा. एकच रकाना निवडून सॉर्ट केलात तर एकाचा कोन दुसऱ्याच्या नावावर जातो आणि ते पुढे कोणालाही कळत नाही. मूळ फाइल कुलूपबंद ठेवून प्रतीवर काम करण्याचं कारण हेच.

शीटमध्ये नाव, फोन किंवा नोंदणी क्रमांक नसावा. सहभागीला ‘ग०१’, ‘ग०२’ असा संकेत द्या आणि संकेत-नावाची यादी वेगळ्या, पासवर्ड असलेल्या जागी ठेवा. रुग्णांची माहिती व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवणं किंवा चॅटबॉटमध्ये टाकणं हा सरळ सरळ गोपनीयतेचा भंग आहे.

आकडे काय सांगतात

विश्लेषणाची योजना डेटा येण्याआधी लिहा, निदान एका पानावर. डेटा पाहिल्यावर लिहिलेली योजना बहुधा डेटाच्या कलाने लिहिलेली असते.

दोन परीक्षकांची तुलना करताना नवखे हमखास कोरिलेशन, म्हणजे दोन आकडे सोबतीने किती बदलतात त्याचं माप, काढतात. एक परीक्षक दरवेळी नेमका पाच अंश जास्त वाचत असेल तर कोरिलेशन पूर्ण १ येतं, पण जुळणी कुठे आहे? त्यासाठी आयसीसी (इंट्राक्लास कोरिलेशन कोएफिशंट, १ च्या जितका जवळ तितकी विश्वासार्हता जास्त) काढायचा, आणि तो कोणत्या मॉडेलने हे लिहायचं. इथे टू-वे मॉडेल (सहभागी आणि परीक्षक दोघांमुळे येणारा फरक धरणारं) आणि ‘पूर्ण जुळणी’ हा प्रकार लागतो. जोडीला ब्लँड आणि आल्टमन यांनी १९८६ मध्ये मांडलेला आलेख: आडव्या अक्षावर दोन वाचनांची सरासरी, उभ्यावर फरक, आणि सरासरी फरकाच्या वर-खाली १.९६ स्टँडर्ड डेव्हिएशनवर दोन रेषा.

क्लिनिकमधल्या माणसाला मात्र अंश हवे असतात. समजा स्टँडर्ड डेव्हिएशन १२ अंश आणि आयसीसी ०.९१. एक वजा ०.९१ म्हणजे ०.०९, त्याचं वर्गमूळ ०.३, गुणिले १२ केलं की मोजणीतली प्रमाण चूक ३.६ अंश. तिला १.९६ ने आणि २ च्या वर्गमूळाने गुणलं की उत्तर जवळजवळ १० अंश. म्हणजे दोन वेगवेगळ्या परीक्षकांच्या मोजणीत रुग्ण ‘सहा अंशांनी सुधारला’ असं दिसलं, तर ती सुधारणा नुसती मोजणीतली चूकही असू शकते. आयसीसी ‘उत्कृष्ट’ असूनही हे घडतं. पोस्टरवर ठळक छापायचा आकडा हाच.

पी व्हॅल्यूच्या (खरा फरक नसताना एवढा किंवा याहून मोठा फरक योगायोगाने दिसण्याची शक्यता) मागे लागून वीस तुलना केल्यात, तर खरा फरक कुठेच नसला तरी सरासरी एक तरी ०.०५च्या खाली येते. ठरवलेली मुख्य तुलना एकच ठेवा, बाकीच्या पूरक म्हणून सांगा.

लिहिणे आणि सोपवणे

पद्धतीचा भाग काम चालू असतानाच लिहून ठेवा. पट्टी कुठे ठेवली होती हे दोन महिन्यांनी आठवत नाही. निरीक्षणात्मक अभ्यासाचा लेख कसा लिहावा यासाठी स्ट्रोब या मार्गदर्शिकेची २२ मुद्द्यांची यादी आहे. ती शेवटी तपासायला नव्हे, सुरुवातीला आराखडा म्हणून वापरा. अ‍ॅबस्ट्रॅक्टला बहुधा २५० शब्द मिळतात; पार्श्वभूमीला दोन वाक्यं पुरे, निम्मी जागा आकड्यांना. किती जणांना विचारलं, किती आले, किती गळले आणि का, हे लपवू नका. पोस्टरवर एक आलेख आणि दीड मीटरवरून वाचता येईल असा मजकूर. चार तक्ते लावलेल्या पोस्टरसमोर कोणी थांबत नाही.

जायच्या आधी दोन दिवस राखून ठेवा. मूळ डेटा, साफ केलेला डेटा, प्रत्येक रकान्याचा अर्थ सांगणारी फाइल, विश्लेषणाचे आदेश आणि मसुदा, सगळं तारीखवार नाव देऊन गाइडच्या सुरक्षित जागी ठेवा. ‘अंतिम’, ‘अंतिम नवीन’, ‘अंतिम खरंच’ अशी नावं नकोत. सह्या केलेले संमतीपत्रांचे कागद मोजून, यादीशी ताडून कुलपात जातात. मग एखाद्या मित्राला ते फोल्डर देऊन तुमच्या मदतीशिवाय मुख्य आकडा पुन्हा काढायला सांगा. त्याचा आणि तुमचा आयसीसी जुळला की आपल्या लॅपटॉपवरची प्रत पुसा आणि किल्ली परत करा.